नवी आज्ञावली आणि जुने यंत्र : खासगी क्लाउडमधील सुसंगतीचा प्रश्न



आपल्या संस्थेचे आम्ही काही सभासद संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. शनिवारी रात्री डबा घेऊन कामावर जायचे आणि रविवारी दुपारी परत यायचे, असे आमच्या बाबतीत वर्षातून चार-सहा वेळा घडते. घरची मंडळी विचारतात, "त्या खोलीत रात्रभर एवढे असते तरी काय?" अभ्यासिकेतील विद्यार्थी विचारतात, "क्लाउड म्हणजे नक्की काय, आणि त्यात नोकरी मिळते का?" या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच लेखात द्यावे, या हेतूने आम्ही स्मरणिकेसाठी हा विषय निवडला. विषय तांत्रिक असला तरी त्यातील मूळ गोष्ट अवघड नाही. ती समजून घेण्यास संगणकाची पदवी असावयास हवी, असेही नाही.

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे काय?

पूर्वी कार्यालयात प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर असे. पगारपत्रकाचा एक, ई-मेलचा एक, हजेरीचा एक. त्यातील बहुतेक यंत्रे दिवसाचा बराच वेळ रिकामी बसत. वीज मात्र पूर्ण खात. यावर उपाय म्हणून एकाच मोठ्या यंत्रावर अनेक 'आभासी' संगणक चालविण्याची पद्धत रूढ झाली. एका भूखंडावर एकेक बैठे घर बांधण्याऐवजी इमारत उभी करावी आणि तिच्यात वीस कुटुंबांनी राहावे, तसा हा प्रकार होय. प्रत्येक कुटुंबाला आपले घर स्वतंत्र वाटते. जमीन, पाण्याची टाकी आणि जिना मात्र सामाईक असतो. ही वाटणी करणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायझर असे म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ साली जाहीर केली होती. साध्या सर्व्हरवर ही सोय आणण्यात १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या अमेरिकन कंपनीचा वाटा मोठा आहे. तिच्या हायपरव्हायझरचे नाव ईएसएक्सआय, आणि अशा अनेक सर्व्हरांवर एका जागेवरून देखरेख ठेवणाऱ्या आज्ञावलीचे नाव व्हीसेंटर. एखादी बँक, रुग्णालय किंवा विद्यापीठ स्वतःच्याच जागेत असे दहा-वीस सर्व्हर एकत्र जोडते, आणि ज्या विभागास हवा त्यास मागताक्षणी आभासी संगणक देते, तेव्हा त्या व्यवस्थेस खासगी क्लाउड म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग हे खरे. परंतु हा ढग आकाशात नसून तळमजल्यावरील वातानुकूलित खोलीत असतो.

अपग्रेड का करावे लागते?

"चालते आहे ना, मग हात कशाला लावता?" असे आम्हास नेहमी ऐकावे लागते. त्याचे उत्तर असे की, प्रत्येक आवृत्तीस कंपनीचा आधार ठरावीक मुदतीपुरताच असतो. व्हीएमवेअरच्या ६.५ आणि ६.७ या आवृत्त्यांचा सर्वसाधारण आधार १५ ऑक्टोबर २०२२ रोजी संपला. ७.० आवृत्तीचा २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर सापडलेल्या दोषावर दुरुस्ती येत नाही आणि अडचण आली तर मदतीस कोणी बांधील राहत नाही.

दुरुस्ती न लावल्याने काय होते, याचे उदाहरण ताजे आहे. ईएसएक्सआयमधील एका सेवेत दोष आढळला होता व त्यावरील दुरुस्ती कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्येच दिली होती. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये खंडणीखोरांनी नेमक्या अशाच, दुरुस्ती न लावलेल्या सर्व्हरांना जगभर गाठले. फ्रान्समधील सरकारी सुरक्षा पथकाने ३ फेब्रुवारी रोजी इशारा दिला, तोवर अनेकांच्या आभासी संगणकांच्या फायली कुलूपबंद झाल्या होत्या. औषध दोन वर्षे उपलब्ध होते. ते घेतले गेले नव्हते. तेव्हा अपग्रेड टाळणे हा सुरक्षित मार्ग आहे, असे समजणे चुकीचे ठरते.

मग अडते कोठे?

अडते ते सुसंगतीपाशी. नवी आवृत्ती चांगली असते आणि जुने यंत्रही आपल्या जागी ठणठणीत असते. परंतु त्या दोघांचे एकमेकांशी जमते काय, हा वेगळाच प्रश्न आहे. इमारतीतील मुख्य जलवाहिनी नवी व जाड बसविली, पण घरोघरचे नळ जुन्या मापाचे असले तर पाणी येणार नाही. त्यात दोष नव्या वाहिनीचा नाही आणि नळाचाही नाही. मुख्य अडचणी पुढीलप्रमाणे आहेत.

(१) प्रोसेसर : हायपरव्हायझर थेट प्रोसेसरवर चालतो. म्हणून प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर काही जुने प्रोसेसर यादीतून वगळले जातात. २०१० साली आलेल्या इंटेलच्या झिऑन ५६०० मालिकेवर ६.७ आवृत्ती चालत असे. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीने त्या मालिकेचा आधार काढून घेतला. यंत्र बिघडलेले नसते, फक्त नव्या घरात त्यास जागा उरत नाही.

(२) ड्रायव्हर : नेटवर्क कार्ड, डिस्कचे नियंत्रक कार्ड अशा प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी एक छोटी आज्ञावली लागते. तिला ड्रायव्हर म्हणतात. ईएसएक्सआयमध्ये पूर्वी लिनक्सचे ड्रायव्हर एका दुभाषी थराच्या मदतीने चालविले जात. २०१३ च्या ५.५ आवृत्तीपासून ईएसएक्सआयचे स्वतःचे ड्रायव्हर येऊ लागले व काही वर्षे दोन्ही पद्धती शेजारीशेजारी नांदल्या. ७.० मध्ये हा दुभाषी कायमचा काढून टाकण्यात आला. ज्या जुन्या कार्डांसाठी नव्या पद्धतीचा ड्रायव्हर निघालाच नाही, ती कार्डे एका रात्रीत मुकी झाली. आमच्या मते अपग्रेडमधील सर्वात मोठा धोका येथेच असतो.

नवा ड्रायव्हर असला म्हणजेही सारे निर्वेध होते असे नाही. ७.० ची तिसरी सुधारणा ऑक्टोबर २०२१ मध्ये आली आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीला ती मागे घ्यावी लागली. एका नेटवर्क ड्रायव्हरचे नाव बदलल्याने जुन्या व नव्या नावाचे दोन्ही ड्रायव्हर एकाच सर्व्हरवर राहत आणि अपग्रेड अडत असे, हे त्यामागील एक कारण होते. दुरुस्त आवृत्ती जानेवारी २०२२ मध्ये आली. जे दोन-तीन महिने थांबले, त्यांना हा त्रास झाला नाही.

(३) सुरुवातीची डिस्क : ईएसएक्सआय आकाराने लहान असल्याने पूर्वी तो एसडी कार्डावर किंवा यूएसबी पेनवर बसविण्याची प्रथा होती. एकदा वाचून झाला की तो मेमरीत राही व कार्डावर फारसे लिहिले जात नसे. ७.० मध्ये या डिस्कवरील विभागांची रचना बदलली व लिहिण्याचे प्रमाण वाढले. परिणामी अनेक ठिकाणी ही कार्डे झिजून निकामी झाली. आता टिकाऊ डिस्कच वापरावी, असा कंपनीचाच सल्ला आहे. शिवाय या बदललेल्या रचनेमुळे ७.० वरून मागील आवृत्तीवर एका कळीने परत येता येत नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

(४) क्रम : देखरेख करणारा व्हीसेंटर आधी आणि ईएसएक्सआय नंतर, असा नियम आहे. नवा व्हीसेंटर जुन्या सर्व्हरांना काही मर्यादेपर्यंत सांभाळतो. जुन्या व्हीसेंटरला मात्र नवा सर्व्हर समजत नाही. ही मर्यादाही पाहावी लागते. ७.० चा व्हीसेंटर ६.५ व ६.७ चे सर्व्हर सांभाळतो, ६.० चे सांभाळत नाही. ६.० वरून थेट ७.० वर उडीही मारता येत नाही. मधल्या पायरीवर थांबावेच लागते.

(५) बॅकअप : रोज रात्री आभासी संगणकांच्या प्रती काढणारी आज्ञावली सहसा दुसऱ्याच कंपनीची असते. ती नव्या आवृत्तीस ओळखत नसेल तर प्रती निघणे बंद होते, आणि ते कळते प्रत लागेल त्या दिवशी. म्हणून सर्वात आधी तिची आवृत्ती तपासावी.

(६) आभासी यंत्राची आवृत्ती : आभासी संगणकालाही स्वतःची 'यंत्र-आवृत्ती' असते. ६.७ बरोबर १४, ७.० बरोबर १७, ८.० बरोबर २० अशी ती वाढत गेली. ती वाढविल्यावर तो संगणक जुन्या सर्व्हरवर सुरू होत नाही. सर्व सर्व्हर नवे होऊन स्थिर होईपर्यंत तिला हात न लावणे शहाणपणाचे ठरते.

आमचा एक अनुभव

आता आमच्याच हातून झालेली चूक सांगतो. चुका लपवून ठेवल्या तर पुढच्यांनी शिकावे कसे?

काही वर्षांपूर्वी एका वैद्यकीय संस्थेत ६.७ वरून ७.० वर जाण्याचे काम आमच्याकडे होते. एकूण चार सर्व्हर, त्यातील दोन जुने व दोन त्यामानाने नवे. व्हीसेंटर आदल्या आठवड्यात नीट अपग्रेड झाला होता, त्यामुळे आमचा विश्वास वाढला होता. शनिवारी रात्री दहा वाजता कामास सुरुवात केली. एकेक सर्व्हर करावा हा नियम आम्हास ठाऊक होता. परंतु सकाळी लवकर मोकळे व्हावे म्हणून दोन्ही जुने सर्व्हर एकदमच हाती घेतले. त्यांच्यावरील आभासी संगणक व्हीमोशनच्या साहाय्याने चालू स्थितीतच उरलेल्या दोघांवर हलविले. ही मोठी सोय आहे. शेजारच्या घरी तात्पुरते राहावयास जावे आणि तेवढ्यात आपल्या घराची दुरुस्ती व्हावी, तशी.

अपग्रेड सुरू केले तोच पडद्यावर संदेश आला की, एका जुन्या ड्रायव्हरला लागणारा आधार नव्या आवृत्तीत नाही. सबब पुढे जाता येत नाही. आमच्याबरोबर कंत्राटी पद्धतीवर लागलेला एक मुलगा होता. नुकताच डिप्लोमा झालेला, वय बावीस-तेवीस. तो म्हणाला, "सर, हा ड्रायव्हर कोणत्या कार्डाचा आहे, ते एकदा बघू या का?" आम्ही म्हणालो, "असले जुने ड्रायव्हर कितीतरी पडून असतात. काढून टाक आणि पुढे चल." त्याने ड्रायव्हर काढला. अपग्रेड विनातक्रार पार पडले.

सर्व्हर पुन्हा सुरू झाले, तेव्हा सामाईक डिस्कसाठ्याशी जोडणारे नेटवर्क कार्ड दोन्हींवर दिसेना. जो ड्रायव्हर आम्ही अडगळ समजून काढला, तो नेमका त्याच कार्डाचा होता. कार्ड जागेवर होते, त्यावरचा हिरवा दिवाही लुकलुकत होता; पण नव्या आवृत्तीला त्याची भाषा येत नव्हती. मागे फिरावे म्हटले तर डिस्कची रचना बदलून गेली होती. रात्रीचे दीड वाजले होते.

उरलेल्या दोन सर्व्हरांवर चौघांचा भार आला. मेमरी पुरेना. काही आभासी संगणक बंद करणे भाग पडले, त्यात प्रयोगशाळेचे अहवाल दाखविणारा संगणक होता. त्या रात्री अपघात विभागातील परिचारिकांनी रक्ताचे अहवाल फोनवरून विचारून कागदावर लिहून घेतले. वॉर्डबॉय दोन मजले चढ-उतार करीत राहिला. कोणाचे काही बरेवाईट झाले नाही, ते त्या मंडळींमुळे. त्यात आमची काही करामत नव्हती.

आम्हास वाचविले दोन गोष्टींनी. पहिली, व्हीसेंटर नव्या आवृत्तीचा असला तरी तो ६.७ चे सर्व्हर सांभाळू शकत होता. म्हणजे क्रम तेवढा आम्ही पाळला होता, त्यामुळे जुनी आवृत्ती पुन्हा नव्याने बसविण्याचा मार्ग मोकळा होता. दुसरी गोष्ट त्या मुलाची वही. काम सुरू होण्यापूर्वी त्याने आपणहून प्रत्येक सर्व्हरचे पत्ते, नेटवर्कची नावे व क्रमांक, कोणती केबल कोणत्या छिद्रात आहे, हे सारे दोनशे पानी वहीत रेघा मारून लिहून घेतले होते. आम्ही संध्याकाळी त्यावरून त्याची थोडी थट्टाही केली होती. पहाटे त्याच वहीवरून आम्ही दोन्ही सर्व्हर पुन्हा उभे केले. सात वाजण्याच्या सुमारास प्रयोगशाळेचे अहवाल दिसू लागले.

सोमवारी बैठक झाली. "ड्रायव्हर कोणी काढला?" असा प्रश्न आला. कळ दाबणारा हात त्या मुलाचा होता, आणि कंत्राटी माणसाचे नाव पुढे करणे सर्वात सोपे असते. तसे झाले असते तर त्याची नोकरी त्याच दिवशी गेली असती. निर्णय आमचा होता, त्याने अगोदर शंका काढली होती आणि ती आम्ही ऐकली नाही, हे आम्ही लेखी दिले. आम्हास समज मिळाली, ती योग्यच होती. पुढे आधारयादीतील नवी कार्डे घेऊन तेच काम एका वेळी एक सर्व्हर या रीतीने पूर्ण केले. त्या मुलाची वही मात्र त्या खोलीत पद्धत म्हणून कायम झाली.

यातून घ्यावयाचे धडे

अपग्रेडचे काम रात्री होते, परंतु त्याचे यश त्यापूर्वीच्या पंधरा दिवसांत ठरते. म्हणून आता आम्ही पुढील गोष्टी कटाक्षाने पाळतो.

(१) प्रत्येक सर्व्हरची नोंद : प्रोसेसर, नेटवर्क कार्ड, नियंत्रक कार्ड, त्यांच्यातील फर्मवेअर व चालू ड्रायव्हर यांची आवृत्ती. 'अमुक कंपनीचा सर्व्हर' एवढी नोंद पुरेशी नाही, कारण एकाच नमुन्यात वेगवेगळी कार्डे असू शकतात.

(२) नोंदीतील प्रत्येक ओळ कंपनीच्या सुसंगती यादीशी ताडून पाहणे. कार्ड यादीत आहे एवढ्यावर न थांबता, त्या कार्डासाठी कोणते फर्मवेअर व कोणता ड्रायव्हर सांगितला आहे, तेही पाहणे.

(३) क्रम कागदावर लिहिणे : आधी बॅकअपची आज्ञावली, मग व्हीसेंटर, मग एकेक सर्व्हर, मग आभासी संगणकांतील साहाय्यक आज्ञावली आणि अगदी शेवटी यंत्र-आवृत्ती.

(४) परतीची वाट आधी ठरविणे. अमुक वाजेपर्यंत जमले नाही तर थांबायचे आणि जुनी आवृत्ती बसवायची, ती वेळ आधीच लिहून ठेवणे. जुन्या आवृत्तीची प्रत व प्रत्येक सर्व्हरच्या मांडणीची नोंद हाताशी असणे.

(५) पहिला सर्व्हर झाल्यावर निदान काही दिवस थांबून त्याचे वर्तन पाहणे.

(६) यंत्राने दिलेला इशारा, तसेच हाताखालच्या माणसाने काढलेली शंका, समजून घेतल्याशिवाय बाजूला न सारणे. त्या रात्री आम्हास दोघांनीही सांगितले होते.

विद्यार्थी मित्रांसाठी

या क्षेत्रात सध्या मोठे स्थित्यंतर चालू आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून ठरावीक मुदतीच्या वर्गणीची पद्धत लागू केली. त्यामुळे अनेक संस्था दुसऱ्या पर्यायाकडे वळण्याचा विचार करू लागल्या आहेत. केव्हीएम ही मुक्त प्रणाली २००७ सालापासून लिनक्सच्या गाभ्याचाच भाग आहे आणि प्रॉक्समॉक्स, ओपनस्टॅक यांसारख्या व्यवस्था तिच्या आधारे चालतात. पण घर बदलले म्हणून सुसंगतीचा प्रश्न सुटत नाही. त्याचे रूप तेवढे बदलते. डिस्कच्या फायलींचा साचा बदलावा लागतो. विंडोजच्या आभासी संगणकात नव्या घराचे ड्रायव्हर आधीच बसवून ठेवावे लागतात, नाहीतर तेथे गेल्यावर त्याला स्वतःची डिस्कच सापडत नाही. बॅकअपची घडी पुन्हा बसवावी लागते.

याचा अर्थ या कामाची जाण असलेल्या मुलामुलींना वाव आहे. त्यासाठी सुरुवातीलाच महागड्या शिकवणीची गरज नाही. एखादा जुना संगणक मिळवावा, थोडी मेमरी वाढवावी, त्यावर लिनक्स व केव्हीएम बसवून दोन-तीन आभासी संगणक चालवावेत. मग मुद्दाम आवृत्ती बदलावी, काहीतरी बिघडू द्यावे आणि वहीत लिहीत लिहीत पूर्ववत करावे. दोघा-तिघांनी मिळून एक संगणक घेतला तरी चालेल. मुलाखतीत "कोणता कोर्स केला?" हे विचारतातच, परंतु "काय बिघडले होते आणि तुम्ही ते कसे शोधले?" या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याजवळ असते, त्याच्याकडे समोरचा माणूस लक्ष देऊन पाहतो.

आणखी एक सांगावेसे वाटते. आपल्यापैकी अनेक जण अशा ठिकाणी पहिल्यांदाच पाऊल ठेवतात. घरात या कामाची कोणास माहिती नसते आणि नोकरी कंत्राटी असते. अशा वेळी वरिष्ठांसमोर शंका विचारणे जड जाते. तरीही विचारावी, आणि जमल्यास लेखी विचारावी. जे वरिष्ठ झाले आहेत, त्यांनी ती ऐकून घ्यावी. त्या रात्री एका शंकेला दोन मिनिटे दिली असती, तर दोन मजले कोणाला चढ-उतार करावे लागले नसते.

वहीचा धनी असलेला तो मुलगा आता दुसऱ्या ठिकाणी कायम नोकरीत असून, तेथील अपग्रेडचे नियोजन तोच करतो. परवा त्याचा फोन आला होता. ७.० वरून ८.० वर जाण्याचे काम हाती आहे, असे म्हणाला. आम्ही विचारले, "काम कधी?" तो म्हणाला, "सर, तारीख अजून ठरलेली नाही. अजून वही भरतो आहे." हे ऐकून आम्हास फार समाधान वाटले.